दुसऱ्यासाठी बोललेले शब्द
(आकाशवाणी मुंबईच्या मराठी दिवसाचे एक परिशीलन)

साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात नभोवाणीचे परीक्षण कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. कादंबरीचे परीक्षण आपण समजू शकतो, कवितासंग्रहाचे समजू शकतो, फार तर नाटकाचे. परंतु सकाळी सुरू होऊन रात्री बंद होणाऱ्या, आणि बंद होताच हवेत विरून जाणाऱ्या आवाजांचे परीक्षण करावयाचे तरी कसे? या प्रश्नाला माझे उत्तर साधे आहे. ज्या घरात कधी पुस्तकांचे कपाट नव्हते, त्या घरात निर्दोष मराठी गद्य रोज ऐकू येत असे ते आकाशवाणीमुळे. गिरगावच्या चाळीत, लालबागच्या खोलीत, आणि माझे प्रेषितकार्य जेथे चालते त्या शीव कोळीवाड्याच्या परिसरात कथा, नाटक, व्याख्यान, मुलाखत आणि कविता या सर्व साहित्यप्रकारांची ओळख अनेकांना प्रथम कानांनी झाली. जे साहित्य इतक्या लोकांनी ऐकले, त्याचा विचार समीक्षेने करू नये, हे न्याय्य नव्हे.

मात्र येथे मी एखाद्या सुट्या कार्यक्रमाचा विचार करणार नाही. माझ्या दृष्टीने आकाशवाणीची खरी साहित्यकृती म्हणजे तिचा संपूर्ण दिवस होय. पहाटेच्या भक्तिगीतापासून रात्रीच्या संगीतसभेपर्यंत एकापुढे एक गुंफलेले, परस्परांशी वरवर काहीही संबंध नसलेले कार्यक्रम, हीच ती कृती. तिला एक लेखक नाही; तिला शेकडो लेखक आहेत. असे असूनही तिला आकार आहे, हेतू आहे, आणि म्हणूनच तिचे गुणदोषही आहेत.

घडण

मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. २०२७ च्या त्याच दिवशी त्या घटनेस शंभर वर्षे पूर्ण होतात. ज्या खासगी कंपनीने हे केंद्र सुरू केले ती १९३० मध्ये बुडाली आणि नभोवाणी सरकारच्या हाती आली. १९३५ मध्ये इंग्लंडच्या बीबीसीतून लायोनेल फील्डन हे गृहस्थ येथे आले आणि १९३६ च्या जूनमध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पडले. स्वातंत्र्यानंतर ‘आकाशवाणी’ हे नाव रूढ झाले. २०२३ पासून तर इंग्रजी नाव वगळून तेवढेच नाव वापरण्याचा निर्णय झाला. आपल्यासारख्या ख्रिस्ती वाचकाला हा शब्द परका नाही. यार्देन नदीत प्रभू येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा झालेल्या आकाशवाणीचे वर्णन आपण शुभवर्तमानात ऐकत आलो आहोत.

फील्डन यांच्यामागे बीबीसीचे पहिले प्रमुख जॉन रीथ यांचा विचार उभा होता. माहिती द्यावी, शिक्षण द्यावे, मनोरंजन करावे, आणि हे तिन्ही एकाच वाहिनीवरून, एकाच दिवसात, सर्वांना द्यावे, असा तो विचार होय. इंग्लंडमध्ये १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘रेडिओ फोर’ या बोलक्या वाहिनीने तो आजतागायत टिकवून धरला आहे. तेथे बातम्यांमागून नाटक येते, नाटकामागून बागकामाची प्रश्नोत्तरे, आणि मध्येच समुद्रावरील जहाजांसाठी हवामानाचा इशारा. आपल्याकडे आकाशवाणीने ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हे बौद्ध परंपरेतील ब्रीद स्वीकारले. मुंबई केंद्राच्या मराठी वाहिनीचा दिवस या ब्रीदाच्या कसोटीवर तपासणे उचित ठरेल.

प्रभात

दिवसाचा आरंभ संकेतधुनीने होतो. तंबोऱ्याच्या साथीने व्हायोलिनवर वाजणारी ही धून ऐकली नाही असा प्रौढ भारतीय विरळा. ती रचण्याचे श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिले जाते. हे ज्यू संगीतकार १९३४ मध्ये युरोपातील वाढत्या नाझी सावटातून निसटून मुंबईला आले आणि पुढे अनेक वर्षे मुंबई केंद्राच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. धुनीत शिवरंजनी रागाची छाया आहे, वाद्य पाश्चात्त्य आहे, आणि रचणारा आश्रयाला आलेला परदेशी माणूस आहे. शीव कोळीवाड्यासारख्या वस्तीत हे समजावून सांगावे लागत नाही. कोळ्यांच्या या गावाला लागून फाळणीनंतर पंजाबी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. त्याच वसाहतीमुळे ‘कोळीवाडा’ हे रेल्वे स्थानकाचे नाव बदलून ‘गुरू तेग बहादूर नगर’ झाले. तमिळ, मल्याळी, कोकणी आणि मराठी बोलणारी घरे एका भिंतीला भिंत लावून येथे राहतात. अशा वस्तीची सकाळ एका निर्वासिताच्या धुनीने सुरू होत असे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

धुनीमागून अभंग आणि भक्तिगीते, त्यानंतर एखादे चिंतन, दिल्लीहून सहक्षेपित होणाऱ्या सहा पंचावन्नच्या संस्कृत बातम्या, आणि सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या. महाराष्ट्राच्या किती पिढ्यांनी सुधा नरवणे यांच्या आवाजात सकाळच्या बातम्या ऐकत चहा घेतला असेल! या बातम्यांचे गद्य अभ्यासण्याजोगे आहे. वाक्य लहान, क्रियापद जागच्या जागी, विशेषणाला जवळजवळ मज्जाव. अपघाताची बातमी आणि पारितोषिकाची बातमी एकाच समतोल स्वरात. आज दूरचित्रवाणीवर बातमीदार आधी संतापतो आणि मग बातमी सांगतो. त्या पार्श्वभूमीवर, श्रोत्याच्या भावना श्रोत्यावरच सोपविणारे हे गद्य अधिक सभ्य होते असे म्हणावेसे वाटते.

सकाळच्या या क्रमाकडे धर्मगुरूच्या दृष्टीने पाहिले असता एक साम्य सहज ध्यानात येते. ख्रिस्तसभेची प्रहरांची प्रार्थना दिवसाचे भाग पाडते. प्रत्येक भागाला त्याचे स्तोत्र आणि त्याचे वाचन नेमून देते. दिवसातून तीनदा वाजणारी आंजेलुसची घंटा शेतातल्या आणि स्वयंपाकघरातल्या माणसाला एकाच क्षणी थांबवीत असे. आकाशवाणीचा दिवस हा त्या अर्थाने ऐहिक प्रहरक्रम होता. घड्याळ नसलेल्या घरात ‘बातम्या झाल्या, आता निघ’ असे आई मुलाला म्हणत असे, तेव्हा वेळ ही साऱ्या शहराची मिळून एक गोष्ट आहे याचा तो नकळत संस्कार होता.

दुपार

दुपारच्या कार्यक्रमांत ‘वनिता मंडळ’ आणि ‘कामगार सभा’ ही दोन नावे मुंबईकरांच्या ओठांवर होती. एक गृहिणींसाठी, दुसरे गिरणगावासाठी. कागदावर पाहिले तर ही सरळसरळ वाटणी आहे: बायकांना पाककृती, बालसंगोपन आणि आरोग्य, कामगारांना कायदा, बचत आणि गाणी. कोणाही समीक्षकाने त्यातील साचेबंदपणावर बोट ठेवावे, आणि ते योग्यच ठरेल.

परंतु नभोवाणी कागदावर ऐकली जात नाही. परळ-लालबागच्या गिरण्या तीन पाळ्यांत चालत. रात्रपाळी करून आलेला कामगार दहा बाय बाराच्या खोलीत दुपारी पडलेला असे आणि त्याच्या उशाशी ‘वनिता मंडळ’ चालू असे. तान्ह्या मुलाच्या जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे हे त्याने डोळे मिटून ऐकलेले असे. तसेच ‘कामगार सभा’ चालू असताना घरातली बाई भांडी घासता घासता भविष्यनिर्वाह निधी आणि अपघाताची भरपाई यांविषयी ऐकत असे. शब्द एकासाठी बोलला गेला आणि दुसऱ्याने ऐकला. माझ्या मते आकाशवाणीच्या दिवसाचे सारे मर्म येथे आहे. कार्यक्रम आखणाऱ्यांनी श्रोत्यांचे कप्पे केले. खोलीच्या भिंतींनी ते कप्पे मोडून टाकले. एका घरात एकच संच होता म्हणून सर्वांना सर्वांचे ऐकावे लागले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. ज्या श्रोत्यासाठी ‘कामगार सभा’ होती तो श्रोता पाहता पाहता विखुरला. एखाद्या कार्यक्रमाचा श्रोतृवर्ग इतिहासाने असा पुसून टाकल्याचे दुसरे उदाहरण मराठी नभोवाणीत क्वचितच सापडेल.

सायंकाळ आणि रात्र

हलक्याफुलक्या संवादांत ‘पुन्हा प्रपंच’ या मालिकेचे स्थान वेगळे आहे. प्रभाकर जोशी यांचे पंत, नीलम प्रभू यांच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकर यांचे टेकाडे भावजी या तीन आवाजांतून एक घर उभे राही. महागाई, पाहुणे, रॉकेलची रांग, नवे सरकारी धोरण असा कोणताही विषय या घराच्या दारातून आत येई आणि थोडे हसून, थोडे टोचून बाहेर पडे. नीलम प्रभू म्हणजेच पुढे करुणा देव या नावाने परिचित झालेल्या अभिनेत्री. त्यांच्या आवाजात लटका राग आणि खरी काळजी यांतले अंतर इतके सूक्ष्म असे की डोळ्यांनी पाहण्याची गरजच उरत नसे. कुडतरकरांचा आवाज तर ‘आकाशवाणी मुंबई’चाच आवाज होऊन बसला. हे दोघेही अनुक्रमे २०१८ आणि २०१७ मध्ये निवर्तले.

या मालिकेचा गुण असा की विनोदासाठी तिला कोणाला हीन लेखावे लागले नाही. मर्यादा अशी की ते घर पांढरपेशे होते. त्याची भाषा दादर-गिरगावची होती. कोळणीची, आगऱ्याची, वसईच्या वाडवळाची वा पूर्व भारतीय ख्रिस्ती माणसाची मराठी त्या दारातून क्वचितच आत आली. या मर्यादेचा विचार पुढे करावयाचाच आहे.

नाट्यगृहाचे तिकीट न परवडणाऱ्याला नभोनाट्याने रंगभूमी घरपोच दिली. ‘आपली आवड’मध्ये गाण्यापूर्वी फर्माईश करणाऱ्यांची नावे वाचली जात. गाव, आडनाव, भावंडांची रांग. अनेकांना ही यादी कंटाळवाणी वाटे. मला मात्र ती ऐकताना मिस्सेपूर्वी वाचल्या जाणाऱ्या हेतूंच्या यादीची आठवण होते. आपल्याला ठाऊक नसलेल्या माणसांची नावे शांतपणे ऐकून घेणे ही देखील एक साधनाच आहे.

शेजारच्या पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर चालविलेले ‘गीतरामायण’ हा तर मराठी नभोवाणीचा कळस होय. ग. दि. माडगूळकरांची छप्पन गीते, सुधीर फडक्यांचे संगीत, आणि आठवड्याला एक नवे गीत ही शिस्त. पुढच्या गीताची वाट पाहायला लावणे हे या माध्यमाचे सामर्थ्य त्यातून सिद्ध झाले. ख्रिस्ती घरांनीही ही गीते ऐकली आणि त्यांची श्रद्धा त्यामुळे डळमळली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये अन्य धर्मांतील सत्य आणि पवित्र अंशाचा आदर करावयास सांगितले. आपल्याकडील साध्या भाविकांनी तो आदर दहा वर्षे आधीच, रेडिओपाशी बसून, शिकून घेतला होता.

आणखी एका कार्यक्रमाची नोंद कोणत्याही साहित्यसमीक्षेत होत नाही, म्हणून ती येथे करतो. किनाऱ्यावरील केंद्रांवरून मच्छीमारांसाठी दिला जाणारा हवामानाचा इशारा. त्यात अलंकार नाही, निवेदकाची छाप नाही. वाऱ्याची दिशा, वेग, समुद्राची स्थिती आणि ‘समुद्रात जाऊ नये’ ही सूचना. दर्यावर गेलेल्या माणसाच्या घरी हे चार शब्द जितक्या एकाग्रतेने ऐकले जात तितक्या एकाग्रतेने महाराष्ट्रात कोणतेही काव्य ऐकले गेले नसेल. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ वादळाने कोकण किनाऱ्यावर केलेला घात कोळी समाज विसरलेला नाही. शीव कोळीवाड्याच्या नावात आज कोळी आहेत. रोजच्या व्यवहारात नोकरी-धंदाच अधिक. तरीही हा इशारा लागला की ज्यांचा समुद्राशी काहीच संबंध नाही तेही क्षणभर गप्प होत. इतर कोणाचे तरी प्राण या शब्दांवर अवलंबून आहेत, ही जाणीव त्या शांततेत होती.

उणिवा

आता दुसरी बाजू. प्रशंसा करताना दोष झाकणे हे समीक्षेचे काम नव्हे.

पहिला दोष सत्तेच्या सान्निध्याचा. आकाशवाणी जन्मापासून जवळजवळ सरकारी खातेच राहिली. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात तिच्या बातम्या एका व्यक्तीच्या स्तुतीत इतक्या बुडाल्या की लोकांनी तिच्या इंग्रजी नावाची थट्टा ‘ऑल इंदिरा रेडिओ’ अशी केली. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला आणि अंमलात आला तो १९९७ मध्ये. नभोलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. तरीही स्वायत्तता कागदावर जितकी दिसते तितकी आवाजात ऐकू येत नाही. बातम्यांचा तो समतोल स्वर, ज्याचे मी वर कौतुक केले, काही वेळा मौनाचे सभ्य रूप होता हेही मान्य केले पाहिजे.

दुसरा दोष सोवळेपणाचा. १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला आकाशवाणीवर बंदी होती. आपल्या भजनी मंडळांचे आणि चर्चच्या गायकवृंदांचे हे लाडके वाद्य अभिजात संगीतास अयोग्य ठरविले गेले. १९५२ मध्ये मंत्री बा. वि. केसकर यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार करण्यात आले. परिणाम असा झाला की श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. लोकांना उंच न्यावे ही इच्छा चांगली. परंतु ते जेथे उभे आहेत ती जागा अस्पृश्य मानून कोणालाही उंच नेता येत नाही. प्रवचन करणाऱ्या आम्हा मंडळींनीही हा धडा गिरविण्यासारखा आहे.

तिसरा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. ‘बहुजन’ या शब्दाचा अर्थ आकाशवाणीने गटागटांनी लावला. प्रत्येक गटाला त्याची वेळ आणि त्याचा चौकोन. कोळी आले ते कोळीगीतांतून. त्यांचे बोलणे, त्यांचा हिशेब, त्यांचे वादविवाद क्वचितच आले. ख्रिस्ती आले ते नाताळात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गव्हाणीची गाणी, एखाद्या धर्मगुरूचा संदेश, आणि मग पुढल्या डिसेंबरापर्यंत निरोप. माझ्या ऐकण्यात तरी हाच क्रम अधिक आला. मराठी ख्रिस्ती माणूस हा सणाचा पाहुणा ठरला. तो टपाल वाटतो, रुग्णालयात पाळी करतो, कर्जाचे हप्ते भरतो, मराठीत भांडतो आणि मराठीत स्वप्ने पाहतो, हे त्या दिवसात सहसा ऐकू आले नाही. १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांची आणि मराठीतच ख्रिस्ताची भक्ती गाणाऱ्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची भाषा सणापुरती पाहुणी कशी असेल? फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. त्या आश्चर्याचे एक कारण हा चौकोन होता, असे मला वाटते.

येथे एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे. नाताळचा चौकोन आपल्याला दिला गेला हे खरे. परंतु एरवी आपण किती ऐकत होतो? शहरातल्या आपल्या कित्येक घरांत मुलांचे शिक्षण इंग्रजी, मिस्सा इंग्रजी, आणि मराठी वाहिनी ‘त्यांची’ मानली गेली. दुसऱ्याचे ऐकण्याची सवय गेली की आपलेही ऐकले जावे असा आग्रह धरण्याचा अधिकार दुबळा होतो.

निवडीचा काळ

आता हा दिवस कोठे आहे? दिवस अजून आहे, श्रोता मात्र फारसा उरलेला नाही. २००१ पासून देशात खासगी एफएम वाहिन्या सुरू झाल्या. त्यांना स्वतःच्या बातम्या देण्यास परवानगी नाही, म्हणून त्यांच्यावर बहुतेक गाणी आणि गप्पाच असतात. मध्यम लहरींवरील मराठी ‘अस्मिता’ वाहिनी सिमेंटच्या उंच इमारतींत आणि विजेच्या उपकरणांच्या खरखरीत धड ऐकू येत नाही. मोबाइलच्या अ‍ॅपवर ती स्वच्छ ऐकता येते, पण अ‍ॅप उघडणारा माणूस बहुधा काही ठरवून उघडतो. त्याच्या हाताशी हजार पर्याय असतात. अपंगांना, वृद्धांना, दूरदेशी गेलेल्या मुलांना त्यामुळे लाभ झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. आजाऱ्यांस कम्युनियन देण्यासाठी घरोघर जाताना मी पाहतो की अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या कानाशी पूर्वी ट्रान्झिस्टर असे आणि आता नातवाने लावून दिलेला मोबाइल असतो. फरक इतकाच की ट्रान्झिस्टर साऱ्या खोलीला ऐकू येत असे. मोबाइलला कानात घालावयाची तार असते.

ही तार हाच आजच्या श्रवणाचा खरा दोष आहे. आकाशवाणीने कप्पे केले होते, पण खोलीने ते मोडले. आज कप्पे यंत्र करते, आणि ते मोडणारी खोली उरलेली नाही. बापाचे कीर्तन बापाच्या कानात, मुलीचे इंग्रजी पॉडकास्ट मुलीच्या कानात, आईची पाककृती आईच्या हातातल्या पडद्यावर. प्रत्येकाला हवे ते मिळाले आणि कोणालाही दुसऱ्याचे ऐकावे लागले नाही. आपल्यासाठी न बोललेला शब्द कानी पडण्याची शक्यताच संपली.

ख्रिस्तसभा या बाबतीत फार जुने शहाणपण बाळगून आहे. मिस्सेच्या शब्दविधीत धर्मगुरूला आपल्या आवडीचे वाचन निवडण्याची मोकळीक नाही. रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र नेमून दिलेले आहे. ज्या रविवारी मला सांत्वन हवे त्या रविवारी आमोस संदेष्टा अन्यायाविषयी बोलू लागतो. धनिकाला लाझरसची गोष्ट ऐकावी लागते, तरुणाला वार्धक्याची. वाचन माझ्यासाठी निवडलेले नाही, म्हणूनच ते मला बदलू शकते. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात श्रद्धेचा संबंध श्रवणाशी जोडला आहे, निवडीशी नव्हे. पोप पायस बारावे यांनी १९५१ मध्ये दूरसंदेशवहनाचा आश्रयदाता म्हणून गाब्रिएल देवदूताची नेमणूक केली. त्याने मरियेला आणलेला संदेश हा तिने मागविलेला नव्हता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

म्हणून आपल्या समाजापुढील एका मोहाविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. आज प्रत्येक धर्मप्रांताला, काही ठिकाणी प्रत्येक धर्मग्रामाला, स्वतःची वाहिनी हवी आहे. मिस्सा, जपमाळ, प्रवचन यांचे प्रक्षेपण आजाऱ्यांसाठी मोठाच आधार आहे, आणि २०२० च्या साथीत तर तो एकमेव आधार होता. परंतु आपणच आपल्यासाठी बोललेले आपणच ऐकत राहिलो, तर नाताळचा तो जुना चौकोन आपण स्वतःच्या हातांनी वर्षभराचा करून घेऊ. सामाजिक संपर्क-माध्यमांविषयीच्या १९७१ च्या पाळकीय निवेदनाचे नावच ‘सहभाग आणि प्रगती’ या अर्थाचे आहे. सहभाग म्हणजे आपल्यासारख्यांचा मेळावा नव्हे.

निष्कर्ष

आकाशवाणी मुंबईच्या मराठी दिवसाचे मूल्यमापन मी असे करीन: रचना म्हणून तो थोर होता, आशय म्हणून अपुरा. त्याने बहुजनांना एका छपराखाली बसविले, पण त्या सर्वांना सारखे बोलू दिले नाही. सत्तेपुढे तो वाकला, सोवळ्यात अडकला, माणसांना गटांत मोजले. तरीही गिरणीतला पुरुष, माजघरातली स्त्री, समुद्रावरचा कोळी आणि अभ्यास टाळणारे मूल यांना एकमेकांचे शब्द ऐकावयास लावणारी त्याच्या इतकी व्यापक दुसरी संस्था या शहरात झाली नाही. त्याचा आशय सुधारता येण्याजोगा आहे. रचना एकदा मोडली तर पुन्हा उभारणे अवघड आहे.

शताब्दीच्या निमित्ताने आकाशवाणीकडे तीन गोष्टींची अपेक्षा धरावीशी वाटते. मच्छीमारांसाठीचा इशारा मध्यम लहरींवर निर्वेध चालू ठेवावा, कारण मोबाइलचा संदेश दूर समुद्रात पोहोचत नाही. जुन्या श्रुतिका आणि संवाद यांचा ठेवा सर्वांना सहज ऐकता येईल असा खुला करावा. आणि कोळी, आगरी, वाडवळ, ख्रिस्ती, मुसलमान यांना सणाच्या चौकोनातून काढून रोजच्या चर्चेत, रोजच्या मराठीत, कायद्यावर आणि शेतीवर आणि क्रिकेटवर बोलू द्यावे.

वाचक कुटुंबांकडे अपेक्षा एकच. सुट्टीच्या एखाद्या दिवशी मराठी वाहिनी सकाळी लावावी, कानातली तार काढून ती साऱ्या घराला ऐकू येईल अशी ठेवावी आणि रात्रीपर्यंत बदलू नये. बरेचसे कार्यक्रम आवडणार नाहीत. काही तर स्पष्ट कंटाळवाणे वाटतील. कांद्यावरच्या रोगाची माहिती शीव कोळीवाड्यात कोणाच्या उपयोगाची? पण ती ऐकताना, जो माणूस कांदा पिकवितो आणि आपल्या घरी पाठवितो, त्याची काळजी काही मिनिटे आपल्या घरात नांदून जाईल. शेजाऱ्यावर प्रीती करावयाची तर तो कशाने व्याकूळ आहे हे आधी कानी आले पाहिजे.